शिष्यवृत्ती, खंड आणि पुनःप्रवेश : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

विद्यार्थी मित्रहो, नोकरी सांभाळून प्रवेश-अर्ज भरणाऱ्या आपणांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील हा भाग जवळचा वाटेल. 1913 मध्ये, वडिलांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, सयाजीराव गायकवाडांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. अट होती ती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानच्या सेवेची. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. कर, चलन, राज्यकारभार यांची चिकित्सा, म्हणजे आज ज्याला सार्वजनिक धोरण म्हणतात तेच क्षेत्र. पुढे लंडनमध्ये प्रवेश मिळाला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. पदव्यांच्या यादीत ही परवानगी दिसत नाही. माझ्या मते पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेऊन 1920 मध्ये ते लंडनला परतले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली.

शिष्यवृत्ती थांबली की शिक्षण थांबते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. 1925 च्या जानेवारीत त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा खर्च तेथे भागवला जाई.