कृपा आणि कायदा : ॲन हचिन्सन

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या आल्फर्ड गावी, १५९१ साली ॲनचा जन्म झाला. वडील फ्रान्सिस मार्बरी हे धर्मोपदेशक. वरिष्ठांवर टीका केल्याबद्दल तुरुंग पाहून आलेले. मुलींना तेव्हा विद्यापीठाचे दार बंद होते, पण घरात बायबल होते आणि वादविवादही होता. १६१२ मध्ये विल्यम हचिन्सन या कापडव्यापाऱ्याशी तिचे लग्न झाले. तिला पंधरा मुले झाली.

जॉन कॉटन या धर्मोपदेशकांवर तिची फार श्रद्धा. ते १६३३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनला गेले. पुढच्याच वर्षी हीही सहकुटुंब तेथे गेली. तेथे ती बाळंतपणे करी आणि रविवारचे प्रवचन घरी जमलेल्या बायकांना समजावून सांगे. माझी आजी कीर्तन ऐकून आली की ओसरीवर शेजारणींना ते पुन्हा सांगायची, तसेच हे. पण येथे पुढे पुरुषही येऊ लागले. साठ-ऐंशी माणसे जमू लागली.

तारण देवाच्या कृपेने होते, हे त्या वसाहतीत सर्वांनाच मान्य होते. भांडण पुढचे होते. आपल्यावर कृपा झाली हे ओळखायचे कसे? बहुतेक धर्मोपदेशक म्हणत, आचरण पाहा. ॲनचे म्हणणे, चांगले आचरण ढोंगी माणसालाही जमते. कृपेची साक्ष आत मिळते. कॉटनसारखे एकदोघे सोडले तर बाकीचे कृपेचा नव्हे, कर्माचा करार शिकवतात, असे ती सांगू लागली. विरोधकांनी या पंथाला ‘अँटिनोमियन’, म्हणजे नियमशास्त्र धुडकावणारे, असे नाव दिले. वास्तविक चोरी करा, खोटे बोला असे तिने कोणालाच शिकवले नव्हते.

नोव्हेंबर १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला. गव्हर्नर जॉन विन्थ्रप हेच फिर्यादी आणि हेच न्यायाधीश. शिवाय तिच्या घरासमोरच राहणारे! आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तिने मोडली, असाही आरोप होता. राज्यकर्ते म्हणजे प्रजेचे आईबाप, हा त्यामागचा हिशेब. तिने एकेका आरोपाला बायबलमधूनच उत्तर दिले. वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे, असे त्यातच आहे ना? धर्मोपदेशकांनी शपथेवर साक्ष द्यावी, हा आग्रहही तिने धरला. कॉटननी तिच्या बाजूने साक्ष दिली आणि खटला जवळजवळ कोसळला.

तेवढ्यात ती स्वतःच बोलली. देव आपल्याशी थेट बोलतो, असे तिने भर न्यायसभेत सांगितले. ती गप्प बसली असती तर, असे वाचताना सारखे वाटते. पण जिचा सारा विश्वास आतल्या साक्षीवर, तिने ती साक्ष लपवायची कशी? विन्थ्रपची भीतीही अगदीच पोकळ नव्हती. आज एकाला देव काही सांगेल, उद्या दुसऱ्याला उलटे सांगेल. मग समुद्रापलीकडची ती कोवळी वसाहत टिकायची कशी? तिला हद्दपारीची शिक्षा झाली. मार्च १६३८ मध्ये चर्चनेही तिला बहिष्कृत केले, आणि त्या वेळी कॉटन तिच्या विरुद्ध उभे होते. मला खटल्यापेक्षा हे अधिक लागते.

ती ऱ्होड आयलंडला गेली. पतीच्या मृत्यूनंतर डच वसाहतीत, आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरात, राहायला गेली. डचांनी तेथील मूळ रहिवाशांची कत्तल केली होती. त्या सूडाच्या वणव्यात १६४३ मध्ये ॲन आणि तिची बरीच मुले मारली गेली. एक लहान मुलगी तेवढी कैद होऊन वाचली. विरोधकांनी हा देवाचा न्याय मानला. बाहेरच्या खुणेवरून देवाचे मन ओळखण्याची त्यांची सवय तेव्हाही सुटली नाही.

ती हद्दपारी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी रद्द केली, १९८७ मध्ये.