प्रश्नांना सामोरा गेलेला शास्त्रज्ञ : लुई पाश्चर



सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना विद्यापीठाच्या परिसंवादात आपले संशोधन मांडावे लागते. मागे पोस्टर, समोर परीक्षक आणि एकामागून एक प्रश्न! भल्याभल्यांचे पाय तेथे लटपटतात. अशा विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही या शास्त्राचा पाया घालणाऱ्या लुई पाश्चर यांचे जीवन जाणून घ्यावे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई शिकण्यासाठी पॅरिसला गेला, पण घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन परत आला. पुढे मोठ्या शिक्षणसंस्थेच्या प्रवेश परीक्षेत क्रमांक खाली लागला, म्हणून त्याने ती पुन्हा दिली आणि १८४३ मध्ये वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळवला.

१८४८ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी पहिला मोठा शोध लावला. एकाच क्षाराचे स्फटिक दोन प्रकारचे असतात. उजवा आणि डावा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब, तसे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी स्वतःजवळची रसायने देऊन पाश्चर यांना आपल्या डोळ्यांदेखत सारा प्रयोग पुन्हा करायला लावला. पाश्चर रागावले नाहीत. प्रयोग खरा ठरला आणि त्या दिवसापासून बिओ त्यांचे पाठीराखे झाले.

त्या काळी पुष्कळ विद्वान मानत की कुजणाऱ्या पदार्थात सूक्ष्मजीव आपोआप जन्मतात. अठराव्या शतकात इटलीतील धर्मगुरू फादर स्पॅलान्झानी यांनी मांसरस उकळून, बाटल्या बंद करून हे मत खोडून काढले होते. पण बंद बाटलीतली हवाच बिघडते, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेली काचपात्रे बनवली. नळी उघडी, हवा आत जाई. पण धूळ आणि जंतू वळणावरच अडकत. आतला द्रव जसाच्या तसा राही. मान मोडली की तो नासत असे.

७ एप्रिल १८६४ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी हे सर्वांपुढे मांडले. वादाला धर्माचा रंग चढला होता. तरी पाश्चर यांनी आपल्या श्रद्धेचा आधार पुरावा म्हणून घेतला नाही. हा प्रश्न प्रयोगानेच सुटला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

घरी मात्र दुःखाचे डोंगर कोसळत होते. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली दगावल्या, त्यांतल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये त्यांना स्वतःला अर्धांगवायू झाला. डावे अंग अधू झाले, पण काम थांबले नाही.

१८८१ मध्ये त्यांनी मेंढ्यांच्या काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स रोगावरील लस जाहीरपणे तपासून दाखवली. २५ मेंढ्यांना लस दिली, २५ तशाच ठेवल्या, मग सर्वांना जंतू टोचले. लस दिलेल्या वाचल्या, बाकीच्या मेल्या. मात्र ती लस त्यांचे सहकारी शांबेरलां यांच्या पद्धतीने रसायन वापरून केली होती, हे त्यांनी लोकांना सांगितले नाही. सुमारे शंभर वर्षांनी त्यांच्या वह्या अभ्यासकांच्या हाती आल्या, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. थोर माणसेही मोहाला बळी पडतात. झाकलेले एक दिवस उजेडात येतेच.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन त्याची आई आली. पाश्चर डॉक्टर नव्हते. म्हणून डॉक्टर ग्रांशे यांनी त्यांची लस टोचली. एकूण १३ इंजेक्शने झाली. पाश्चर यांना त्या दिवसांत झोप लागत नव्हती. मुलगा जगला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथेच काम केलेल्या हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आपल्याला परिचित आहेच.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांनी देह ठेवला. त्यांचा एक हात पत्नीच्या हातात होता आणि दुसऱ्या हातात क्रूस होता. त्यांच्या इन्स्टिट्यूटमधील समाधीच्या घुमटावर चार देवदूत आहेत : श्रद्धा, आशा, प्रीती आणि चौथा विज्ञानाचा.

पुनरुत्थित प्रभूने शंका घेणाऱ्या संत थोमाला हाकलून दिले नाही, आपल्या जखमा दाखवल्या. आपल्या मुलांनीही परीक्षकांच्या प्रश्नांना भिऊ नये. जे केले ते प्रामाणिकपणे सांगावे, जे जमले नाही तेही सांगावे, आणि सोबत्याच्या श्रमाचे श्रेय त्याला द्यावे. सत्य हे देवाचेच आहे. ते तपासले म्हणून कमी होत नाही.