जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील पत्ते, पोर्ट क्रमांक, प्रोटोकॉल क्रमांक आणि डोमेन नावे यांची मध्यवर्ती नोंद त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ सांभाळली. या नोंदकार्याला पुढे ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी’ म्हणजे आयाना हे नाव मिळाले. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात त्या आरएफसी मालिकेचेही ते अखेरपर्यंत संपादक होते. त्यांच्या अधिकारामागे कोणताही कायदा नव्हता. जगभरच्या तंत्रज्ञांनी त्यांच्या सचोटीवर ठेवलेला विश्वास हाच त्या अधिकाराचा आधार होता.

जन्म व शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील आल्टाडीना येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाईज हायस्कूलमध्ये झाले. इंटरनेटच्या इतिहासात पुढे प्रसिद्धीस आलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये पदवी आणि १९६८ मध्ये अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. १९७४ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. संगणकांमधील संदेशवहनाच्या प्रोटोकॉलांचे आलेखांच्या साहाय्याने विश्लेषण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

अर्पानेटवरील कार्य

विद्यार्थिदशेतच पोस्टेल हे लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या जाळे-मापन केंद्रात काम करू लागले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने उभारलेल्या अर्पानेट या जाळ्याचे पहिले ठाणे १९६९ मध्ये याच विद्यापीठात बसविण्यात आले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश गेला.

विद्यापीठ सोडल्यानंतर पोस्टेल यांनी मायटर कॉर्पोरेशनमध्ये, तसेच स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या विभागात काम केले. १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. मरीना डेल रे येथील ही संस्थाच शेवटपर्यंत त्यांची कर्मभूमी राहिली.

क्रमांकांची नोंद

दोन संगणकांना परस्परांशी बोलायचे तर कोणती सेवा कोणत्या क्रमांकावर मिळते हे दोघांनाही आधी ठाऊक असावे लागते. एका ठिकाणी एक क्रमांक आणि दुसरीकडे भलताच, असे झाले तर जाळे असूनही संवाद होत नाही. ही अडचण ओळखून मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी ३४९ क्रमांकाचा आरएफसी लिहिला. अधिकृत क्रमांक देण्यासाठी एकच अधिकारी असावा अशी सूचना त्यात होती, आणि ते काम आपल्याकडे घेण्याची तयारीही त्यांनी त्यातच काहीशा मिश्किलपणे दर्शविली होती. त्या यादीतील ‘इको’ या सेवेचा ७ आणि ‘डिस्कार्ड’ या सेवेचा ९ हे क्रमांक आजही कायम आहेत.

यादी वाढत गेली तशी ती ‘असाइन्ड नंबर्स’ या नावाने ठरावीक काळाने प्रसिद्ध होऊ लागली. १९८३ च्या सुमारास जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढील याद्यांवर बहुधा दोघांचीही नावे असत. या क्रमांकांचा लाभ सामान्य माणूस नकळत रोज घेत असतो. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते ती पोर्ट क्रमांक २५ वर आणि डोमेन नावाची चौकशी होते ती पोर्ट क्रमांक ५३ वर. युनिक्स प्रकारच्या प्रत्येक संगणकात सेवांची नावे व क्रमांक असलेली एक साधी मजकूर-फाइल असते आणि सी भाषेतील प्रोग्राम ती वाचून नावावरून क्रमांक शोधतात. त्या फाइलीचे मूळ पोस्टेल यांच्या यादीत आहे.

आरएफसी मालिकेचे संपादन

आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, अर्थात अभिप्रायासाठी केलेली विनंती. या मालिकेतील पहिला दस्तऐवज स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. संपादनाची जबाबदारी लवकरच पोस्टेल यांच्याकडे आली. त्यांच्या निधनापर्यंत मालिकेत सुमारे अडीच हजार दस्तऐवज प्रसिद्ध झाले होते आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक दस्तऐवजांचे ते स्वतः लेखक वा सहलेखक होते.

यूडीपी (१९८०), आयपी, आयसीएमपी व टीसीपी (१९८१), ई-मेल वाहून नेणारा एसएमटीपी (१९८२) आणि फाइल हस्तांतरणाचा एफटीपी (१९८५) या प्रोटोकॉलांचे पायाभूत दस्तऐवज त्यांच्या लेखणीतून वा संपादनातून तयार झाले. अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपीचा स्वीकार केला. त्या स्थित्यंतराचा आराखडाही पोस्टेल यांनीच लिहिला होता. नको असलेल्या टपालाचा उपद्रव संगणकांना होऊ शकतो, हा प्रश्न त्यांनी १९७५ मध्येच एका छोट्या आरएफसीत मांडला होता.

औदार्याचे तत्त्व

पोस्टेल यांच्या नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व टीसीपीच्या १९८० मधील दस्तऐवजात आढळते. प्रोग्रामने स्वतः संदेश पाठविताना नियम काटेकोरपणे पाळावेत. मात्र इतरांकडून आलेला संदेश किंचित सदोष असला तरी त्याचा अर्थ लागत असल्यास तो स्वीकारावा, असा त्याचा आशय आहे. वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेले प्रोग्राम या धोरणामुळे एकमेकांशी जुळवून घेऊ शकले.

या तत्त्वाची दुसरी बाजू पुढे लक्षात आली. सदोष संदेश सर्वत्र स्वीकारले जाऊ लागले की चूक करणाऱ्याला ती कधी कळत नाही आणि कालांतराने चूक हाच अलिखित नियम होऊन बसतो. पत्ता वाचण्याची सी भाषेतील पद्धत हे याचे बोलके उदाहरण आहे. चार संख्या टिंबांनी जोडून लिहिलेला पत्ता वाचणारे जुने फलन फार उदार आहे. आरंभी शून्य असलेली संख्या ते अष्टमान पद्धतीची समजते, म्हणून ०१० याचा अर्थ दहा न होता आठ होतो. दोनच संख्या लिहिल्या तरी मधल्या जागी शून्ये आहेत असे ते गृहीत धरते. नंतर आलेले फलन मात्र चारही दशमान संख्या असल्याशिवाय पत्ता स्वीकारत नाही. एकच पत्ता दोन प्रोग्रामांनी दोन प्रकारे वाचला तर एकाने रोखलेली वाट दुसरा मोकळी करून देतो, आणि त्यातून सुरक्षेचे प्रश्न उद्भवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९४१३ क्रमांकाच्या आरएफसीत या तत्त्वाच्या मर्यादांची सविस्तर चर्चा आहे.

पत्त्यांचे वाटप

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. कोणत्या जाळ्याला कोणता गट द्यायचा हे आरंभी पोस्टेल यांच्या नोंदीवरून ठरे. कामाचा व्याप वाढल्यावर दैनंदिन वाटप इतर संस्थांकडे गेले. युरोपसाठी १९९२ मध्ये, आशिया-पॅसिफिकसाठी १९९३ मध्ये आणि उत्तर अमेरिकेसाठी १९९७ मध्ये प्रादेशिक नोंदणी संस्था कार्यान्वित झाल्या. पत्त्यांचे मोठे गट या संस्थांना देण्याचे काम आयानाकडे राहिले.

जागतिक पातळीवर जे वाटप आयाना करते तेच लहान प्रमाणावर प्रत्येक कार्यालयात डीएचसीपी सर्व्हर करतो. या प्रोटोकॉलचा प्रचलित दस्तऐवज राल्फ ड्रॉम्स यांनी १९९७ मध्ये लिहिला. नवा संगणक जाळ्याला जोडला की तो पत्ता मागतो आणि सर्व्हर त्याला ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो. सर्व्हर ६७ आणि मागणारा ६८ या पोर्ट क्रमांकावर ऐकतो. हे दोन्ही क्रमांक पूर्वीच्या बूटपी प्रोटोकॉलसाठी आयानाच्या यादीत आधीच नोंदलेले होते.

कोणत्या गटातून पत्ते द्यायचे, मुदत किती ठेवायची, बाहेर जाण्याचा मार्ग कोणता, हे सर्व्हरला एका कॉन्फिगरेशन फाइलीतून सांगितले जाते. इंटरनेट सिस्टिम्स कन्सोर्टियमचा सी भाषेतील डीएचसीपी सर्व्हर दीर्घकाळ सर्वत्र वापरात होता. त्याच्या फाइलीत प्रत्येक उपजाळ्याची माहिती महिरपी कंसात आणि प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम अशी रचना असते. शाळेत वाक्याचे व्याकरण चालवितात त्याच रीतीने प्रोग्राम आधी मजकुराची पदे पाडतो, मग प्रत्येक पदाचे कार्य ठरवितो आणि शेवटी अर्थाची संगती तपासतो. अर्धविराम राहिला तर कोणत्या ओळीत दोष आहे हे तो दाखवितो. दिलेले पत्ते त्या उपजाळ्यात बसत नसतील तर वाक्यरचना शुद्ध असूनही तो फाइल नाकारतो. येथे औदार्य चालत नाही, कारण चुकीची फाइल मुकाट्याने स्वीकारली तर दोन संगणकांना एकच पत्ता मिळण्याचा धोका असतो.

अशा फाइलींत १०.०.०.० पासून सुरू होणारे पत्ते वारंवार दिसतात. दहा हा एके काळी अर्पानेटचाच जाळे-क्रमांक होता. १९९० मध्ये अर्पानेट बंद झाले आणि पुढे आयानाने हा गट, आणखी दोन गटांसह, खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवला. त्यामुळे कोणाचीही परवानगी न घेता कोणतीही शाळा, घर वा कचेरी हे पत्ते आपल्या आवारात वापरू शकते.

डोमेन नावे आणि देशसंकेत

पत्ते अंकांचे असल्याने माणसांसाठी नावांची सोय आवश्यक होती. पोस्टेल यांच्याच संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नामप्रणालीची रचना केली. कॉम, एज्यु, ऑर्ग यांसारखी वरच्या पातळीवरील डोमेन कोणती असावीत हे पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनी १९८४ च्या दस्तऐवजात स्पष्ट केले.

देशांना डोमेन देताना कोणता प्रदेश देश मानावा हा नाजूक प्रश्न होता. पोस्टेल यांनी त्याचा निर्णय स्वतःकडे घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशांसाठी ठरविलेली दोन अक्षरी संकेतांची यादी त्यांनी प्रमाण मानली. भारताचे ‘डॉट इन’ हे डोमेन १९८९ मध्ये नोंदले गेले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्थेने आरंभीच्या काळात दीर्घकाळ त्याची व्यवस्था पाहिली. डोमेन सांभाळणारी संस्था मालक नसून विश्वस्त असते, तिने हक्कांपेक्षा जबाबदारीचा विचार करावा, ही भूमिका पोस्टेल यांनी १९९४ च्या १५९१ क्रमांकाच्या आरएफसीत मांडली.

१९९८ मधील वाद

इंटरनेटचा व्यापारी वापर सुरू झाल्यावर विश्वस्ताची ही कल्पना कसोटीला लागली. अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार डोमेन नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारण्यास सुरुवात केली. नावांना बाजारभाव आला आणि त्यांवर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न तीव्र झाला.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी जगातील मूळ नामसर्व्हरांपैकी आठांच्या चालकांना ई-मेल पाठवून, त्यांनी मूळ यादी नेटवर्क सोल्यूशन्सऐवजी आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी अशी विनंती केली. चालकांनी ती मान्य केली. काही दिवस मूळ सर्व्हर दोन गटांत विभागले गेले; तथापि दोन्हीकडची यादी सारखीच असल्याने वापरकर्त्यांना फरक जाणवला नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी असल्याचे सांगितले आणि सुमारे आठवड्याभरात व्यवस्था पूर्ववत झाली.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. काहींच्या मते सरकारच्या एकतर्फी नियंत्रणाला दिलेला तो शांत इशारा होता. काहींच्या मते एका व्यक्तीच्या पत्राने जगाच्या जाळ्याची दिशा बदलू शकते, हीच गोष्ट चिंताजनक होती. हे कार्य व्यक्तीवर नव्हे, संस्थेवर सोपवावे या मताला मात्र त्यानंतर बळ मिळाले. पोस्टेल स्वतःही अशा संस्थेच्या उभारणीत सहभागी होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

निधन

पोस्टेल यांच्या हृदयाच्या झडपेवर १९९१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. त्याच विकारावरील पुढील शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयकॅनच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम पंधरवडा उलटला होता. शालेय काळापासूनचे परिचित व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख २४६८ क्रमांकाचा आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाला.

सन्मान व वारसा

लांब दाढी, पायात सँडल आणि प्रसिद्धीपासून दूर राहण्याची वृत्ती यांमुळे पोस्टेल सहकाऱ्यांत ओळखले जात. इंटरनेट सोसायटीचे ते पहिले व्यक्तिगत सदस्य होते. १९९७ मध्ये त्यांना सिगकॉम पुरस्कार मिळाला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे सुरू केलेला पोस्टेल पुरस्कार १९९९ मध्ये प्रथम त्यांनाच मरणोत्तर देण्यात आला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडील चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे अखेरचे गट प्रादेशिक संस्थांना वाटले गेले. आयानाच्या कार्यासाठी आयकॅनचा अमेरिकी सरकारशी असलेला करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला. पोस्टेल यांनी सुरू केलेली क्रमांकांची नोंद आज आयकॅनच्या अखत्यारीत अनेक व्यक्ती मिळून चालवितात. ती सर्वांना विनामूल्य पाहता येते.