पाण्याखाली डोळे उघडणारा माणूस

आम्हा वऱ्हाडच्या माणसांना समुद्र तसा परकाच. अमरावतीहून मुंबईचा किनारा साडेसहाशे किलोमीटरवर. आमचे पाणी विहिरीचे, धरणाचे आणि उन्हाळ्यात टँकरचे. माझ्या पिढीतली बहुतेक मुले पोहायला शिकली ती पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, मळ्यातल्या विहिरीत. त्या विहिरीत बुडी मारून डोळे उघडले, की सारे धुके. हात समोर धरला तरी बोटे मोजता येत नसत. पाणी गढूळ म्हणून असे दिसते, असा आमचा समज. वस्तुतः पाणी काचेसारखे नितळ असले तरी उघड्या डोळ्यांना असेच दिसणार. आपल्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची प्रकाश वळवण्याची ताकद हवेत असते, ती पाण्यात जवळजवळ नाहीशी होते. डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा एक थर हवा, म्हणजेच समोर काच हवी. या एवढ्याशा काचेने एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे आयुष्य बदलले आणि त्याने जगाचे समुद्राकडे पाहणे बदलले. त्याचे नाव झाक-ईव्ह कुस्तो.

कुस्तोंची आठवण निघायला कारण घडले माझ्या अकोल्याच्या भाच्याचे. छायाचित्रणाचा मला जुना नाद, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या कॅमेऱ्यांची दुखणी माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात हा मुलगा मित्रांबरोबर मालवणजवळच्या तारकर्लीला गेला. पाण्याखालची छायाचित्रे काढायची म्हणून पेटीबंद कॅमेरा आणि त्याच्यापुढे लावायचे रुंद कोनाचे जोडभिंग त्याने मागून नेले होते. चित्रे आली ती चारही कोपरे काळे, कडा पुसट आणि मध्ये एक पांढरट डाग. मामा, हे भिंग खराब असेल का, असा त्याचा प्रश्न. भिंग उत्तम होते. त्याला उत्तर देता देता मला कुस्तोंची सगळी कहाणी सांगावी लागली, कारण ही भिंगे घडवणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता तोच कुस्तोंपुढेही होता.

कुस्तोंचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दोजवळच्या सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. मुलगा प्रकृतीने नाजूक, शाळेत खोडकर. तेराव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून त्याने सिनेकॅमेरा घेतला, ही पुढच्या आयुष्याची खूण. १९३० साली तो नौदलाच्या विद्यालयात दाखल झाला. त्याला व्हायचे होते वैमानिक. पण १९३६ साली मोटारीला भीषण अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमानाचे स्वप्न तिथेच संपले. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून तुलाँच्या किनाऱ्यावर पोहणे सुरू झाले. तिथे फिलिप ताय्ये या सहकाऱ्याने त्यांना पाण्यात वापरायचा चष्मा दिला. कुस्तोंनी तो लावून डोके पाण्यात घातले आणि खाली खडक, वनस्पती, मासे असे एक आखे नगर दिसले. पोहणारे तर तिथे रोजच येत. पण खाली काय आहे हे कुणी पाहिलेच नव्हते.

स्वतः पाहिलेले इतरांना दाखवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशा माणसांपैकी कुस्तो होते. पाण्याखाली छायाचित्र घेणारे ते पहिले नव्हेत. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ सालीच कॅमेरा पेटीत बंद करून समुद्रात उतरवला होता. पण बुताँ यांच्या काळी पाणबुड्याला जड पोशाख आणि वरून येणारी हवेची नळी सुटत नसे. कुस्तोंना माशासारखे मोकळे फिरायचे होते. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी श्वास रोखून अठरा मीटरपर्यंत जात पहिला लघुपट केला. सिनेमाची फिल्म मिळेना, तेव्हा साध्या कॅमेऱ्याच्या फिल्मची रिळे विकत घेऊन ती अंधारात एकमेकांना जोडली!

श्वासाचा प्रश्न सुटला तो एमिल गान्याँ या अभियंत्यामुळे. युद्धात पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटारी गॅसवर चालत. त्या गॅसचा पुरवठा नेमका करणारी एक झडप गान्याँ यांच्याकडे होती. इंजिनाला हवा तेवढाच गॅस देणारी झडप माणसाला हवी तेवढीच हवा का देणार नाही? १९४३ च्या जानेवारीत मार्न नदीत पहिली चाचणी झाली, त्यात दोष निघाले; दुरुस्त उपकरण घेऊन जूनमध्ये कुस्तो भूमध्य समुद्रात उतरले. पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आज तारकर्लीला जो कोणी बुडी मारतो, तो याच शोधाचा वारसदार आहे.

आता राहिला पाहण्याचा प्रश्न. पाण्याने भरलेल्या विहिरीचा तळ खऱ्यापेक्षा वर आलेला दिसतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वळतो, त्याचा हा परिणाम. सपाट काचेमागून पाण्यात पाहिले तर प्रत्येक वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि एकतृतीयांशाने मोठी दिसते. वस्तू मोठी दिसली म्हणजे चौकटीत कमी मावणार. हवेत नव्वद अंशांचा देखावा टिपणारे भिंग सपाट काचेमागे गेले, की पाण्यात जेमतेम चौसष्ट अंश पाहते. बरे, मग मागे सरकून अधिक टिपावे म्हटले, तर मध्ये पाणी वाढते. पाणी लाल रंग आधी गिळते, मग नारिंगी, पिवळा. आणि तरंगणारे कण चित्रावर धूळ पसरतात. म्हणजे जवळ जायलाच हवे आणि तरीही रुंद पाहायला हवे, असा हा पेच.

या पेचावर उत्तरे निघाली. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या इव्हानॉफ या प्रकाशशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी भिंगजोडणी आली. कॅमेऱ्यापुढे ती बसवली की पाण्याने चोरलेला कोन परत मिळे. दुसरा मार्ग घुमटाकार काचेचा. घुमटावर किरण जवळजवळ सरळ पडतात, म्हणून ते फारसे वळत नाहीत. कुस्तोंच्या मंडळींसाठी बेल्जियन तंत्रज्ञ झाँ द वूटर्स यांनी वेगळ्या पेटीविनाच पाण्यात उतरवता येणारा छोटा कॅमेरा घडवला. त्याचे नाव कॅलिप्सो. पुढे १९६३ साली निकॉन या जपानी कंपनीने तोच निकोनॉस म्हणून बाजारात आणला आणि पुढे त्यासाठी केवळ पाण्यातच चालणारी रुंद भिंगेही बनवली.

भाच्याच्या चित्रांचे निदान यातच होते. जोडभिंग पाण्यात शिरल्यावर काढून पुन्हा लावायचे असते, कारण ते आणि पेटीची काच यांच्यामध्ये पाणी भरले पाहिजे. तिथे हवेचा बुडबुडा अडकला की मध्ये पांढरट डाग येतो. पुसट कडांचे कारणही बहुधा तेच, नाहीतर कॅमेऱ्याचे फोकस. घुमटामागची प्रतिमा अगदी जवळ तयार होते, म्हणून कॅमेऱ्याला जवळचे पाहायला लावावे. काळे कोपरे म्हणजे भिंगाची कडाच चित्रात आली. झूम किंचित पुढे घेतला की त्या जातात. काच आतून धुरकटली तर पेटी कोरड्या हवेत बंद करावी. आणि असले जोडभिंग पाण्याबाहेर तपासून नापास करू नये. त्याचे गणित पाण्याशी जुळवलेले असते.

कुस्तोंना १९५० साली एक जुनी सुरुंगशोधक नौका मिळाली. एका श्रीमंत ब्रिटिश गृहस्थाने ती वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिली. तिचेही नाव कॅलिप्सो. नौकेच्या नाळेत पाण्याखाली निरीक्षणासाठी खिडक्या बसवल्या. सामानासाठी पैसे कमी पडले तेव्हा पत्नी सिमोन यांनी दागिने विकले. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या सरस्वतीबाईंची आठवण इथे कोणाला येणार नाही? पडद्यावर पाण्याखालचा देखावा आणण्याची हौस आपल्याकडेही जुनीच. फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये यमुनेच्या डोहातली झुंज आहे. सिमोन तर पुढे कुस्तोंपेक्षाही अधिक काळ त्या नौकेवर राहिल्या.

१९५६ साली लुई माल यांच्यासह केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पाठोपाठ ऑस्करही मिळाले. दिव्यांच्या झोतात खोल पाण्यातली निळी-काळी प्रवाळे एकाएकी लालभडक झालेली लोकांनी पाहिली. परंतु हा चित्रपट आज पाहताना मन विषण्ण होते. मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवलेला दिसतो. नौकेच्या पंख्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिल्लाभोवती जमलेले शार्क खलाशी चवताळून मारतात. समुद्र म्हणजे कधीही न संपणारे भांडार, अशी तेव्हाची समजूत. कुस्तोही त्याला अपवाद नव्हते.

कुस्तोंचे मोठेपण मला इथून पुढे दिसते. त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा उतरताना त्यांना मासे कमी झालेले, तळ उजाड झालेले दिसू लागले. १९६० साली किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि लोकांच्या रेट्याने तो बेत मागे पडला. १९७३ साली त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. वयाच्या ऐंशीच्या घरात ते अंटार्क्टिकावर खाणी होऊ नयेत म्हणून देशोदेशी फिरत होते. १९९१ च्या करारात ती बंदी आली. घरचे दुःखही कमी नव्हते. धाकटा मुलगा फिलिप १९७९ साली लिस्बनजवळ सागरी विमानाच्या अपघातात गेला. थोरल्याशी नावाच्या वापरावरून वाद कोर्टापर्यंत पोचला. १९९० साली सिमोन गेल्या, १९९६ साली सिंगापूरच्या बंदरात कॅलिप्सो बुडाली आणि २५ जून १९९७ रोजी कुस्तोंनी पॅरिसमध्ये देह ठेवला.

वऱ्हाडात या माणसाचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्याकडेही पाणी आहे. अमरावतीला वडाळी आणि छत्री तलाव आहेत, अकोल्याला कापशी आहे, शहराच्या मधून वाहणारी मोर्णा आहे. आपण या पाण्याकडे काठावरून पाहतो. वरून आभाळाचे प्रतिबिंब दिसते, खाली साचलेला गाळ आणि प्लास्टिक दिसत नाही. २०१८ साली हजारो अकोलेकर मोर्णेच्या पात्रात उतरले आणि हातांनी घाण काढू लागले, तेव्हा कित्येकांनी आपली नदी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिली असेल. पाण्याच्या छायाचित्रणाचा नियम पाण्याच्या राखणीलाही लागू पडतो. दुरून झूम लावून काही साधत नाही. जवळ जायचे आणि नजर रुंद ठेवायची. समोरचा मासा पाहायचा, आणि त्याच्या भोवतीचे पाणीही पाहायचे. कुस्तोंना हे कळायला अर्धे आयुष्य लागले. आपल्या तलावांपाशी तेवढा वेळ नाही.