बाख : शस्त्रक्रियेने हिरावलेली दृष्टी
थोर संगीतरचनाकार योहान सेबास्टियन बाख यांचा जन्म १६८५ मध्ये जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. दहाव्या वर्षी ते पोरके झाले. १७२३ पासून अखेरपर्यंत ते लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचे संगीतप्रमुख होते. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावली. १७५० च्या वसंतात जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने त्यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. त्या पद्धतीत मोतीबिंदू काढत नसत. सुईने डोळ्यातच खाली ढकलत. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण ठाऊक नव्हते. बाख यांची उरलीसुरली दृष्टीही गेली, प्रकृती ढासळली आणि २८ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. टेलर मात्र इंग्लंडच्या राजाचा नेत्रवैद्य म्हणून युरोपभर मिरवत राहिला.