ज्या खुर्चीने त्याला जगप्रसिद्ध केलं, तीच पुढे तडकायला लागली : वर्नर पॅन्टनची गोष्ट

इन्स्टाग्रामवर घरसजावटीचे रील्स बघत असाल, तर ही खुर्ची तुमच्या नजरेखालून नक्की गेली असणार. लालभडक, नारिंगी नाहीतर पांढरी. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. मागचे पाय नाहीत, सांधा नाही, स्क्रू नाही. माणूस बसला की आता मागे पडेल असं वाटतं, पण पडत नाही.

हिचं नाव पॅन्टन चेअर. आणि जुनं रंगीत प्लॅस्टिक फर्निचर हौसेने विकत घेणाऱ्यांच्या गप्पांत हिच्याबद्दल एक प्रश्न हमखास निघतो. खुर्ची खरी आहे का, हा नंतरचा. आधीचा प्रश्न म्हणजे, कोणत्या सालची आहे?

वरवर सारख्याच दिसणाऱ्या या खुर्चीला सालाने एवढा फरक का पडावा? त्यासाठी ती बनवणाऱ्या माणसाची गोष्ट बघावी लागते.

वर्नर पॅन्टनचा जन्म १३ फेब्रुवारी १९२६ चा, डेन्मार्कच्या फ्युन बेटावरच्या गॅमटॉफ्टे गावातला. वडील खानावळ चालवायचे. पोराला चित्रकार व्हायचं होतं, पण तो वळला बांधकामाच्या शिक्षणाकडे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी डेन्मार्क ताब्यात घेतला तेव्हा तो प्रतिकार चळवळीत सामील झाला आणि युद्धाचे शेवटचे काही महिने त्याला लपून काढावे लागले. पुढे १९४७ ते १९५१ कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत त्याने आर्किटेक्चर शिकून घेतलं.

शिकता शिकताच १९५० मध्ये त्याला आर्ने जेकबसनकडे काम मिळालं. हा डेन्मार्कचा तेव्हाचा सगळ्यात मोठा आर्किटेक्ट. त्याची प्रसिद्ध अँट चेअर घडत होती त्याच काळात पॅन्टन त्याच्या ऑफिसात होता. एक नवी खुर्ची जन्माला घालायला किती वेळा मोडून पुन्हा करावं लागतं, हे त्याने तिथे जवळून पाहिलं. दोन वर्षांनी नोकरी सोडली, फोक्सवॅगनची व्हॅन घेतली आणि युरोपभर हिंडायला निघाला.

आता त्या काळचं डॅनिश फर्निचर डोळ्यासमोर आणा. सागवान, चामडं, हाताने केलेली गुळगुळीत पॉलिश, सगळं शांत आणि सोज्वळ. आणि त्या घरात हा पठ्ठ्या रंगांचा डबा घेऊन घुसला.

१९५८ मध्ये वडिलांच्या खानावळीचं नूतनीकरण त्याच्याकडे आलं. खानावळीचं नावच कोमिगेन, म्हणजे पुन्हा या. पॅन्टनने आतली अख्खी जागा लालेलाल करून टाकली. भिंती लाल, टेबलक्लॉथ लाल, वाढणाऱ्या मुलींचे कपडेसुद्धा लाल. तिथल्यासाठी त्याने आइस्क्रीमच्या कोनासारखी खुर्ची केली, टोक खाली आणि बसायची जागा वर. एका उद्योजकाला ती इतकी आवडली की त्याने उत्पादनच सुरू केलं. न्यूयॉर्कच्या एका दुकानात ही खुर्ची काचेमागे ठेवली तेव्हा रस्त्यावर एवढी गर्दी झाली की पोलिसांनी ती हलवायला लावली, असं सांगतात. पुढच्याच वर्षी एका प्रदर्शनात त्याने फर्निचर छताला उलटं टांगलं. लोकांनी माना वर करून बघितलं.

पण त्याच्या डोक्यात घोळत होती ती वेगळीच गोष्ट.

अमेरिकेत ईम्स दांपत्याने आणि सारिनेनने प्लॅस्टिकच्या सीटच्या खुर्च्या केल्या होत्या, पण त्यांना आधार धातूचाच लागत होता. पॅन्टनला पाठ, बैठक, पाय असं सगळं एकाच तुकड्यात, एकाच साच्यातून काढायचं होतं, म्हणजे ती स्वस्तात आणि हजारोंनी बनली असती. प्रतिकृती घेऊन तो कारखानदारांकडे फिरला. नकारावर नकार मिळाले. बसणाऱ्याचं सगळं वजन एका वळणावर येणार आणि तेवढा ताण सोसणारं प्लॅस्टिक कोणाकडेच नव्हतं. त्यामुळे नकार देणारे अगदीच मूर्ख होते असंही म्हणता येत नाही.

साठच्या दशकात तो स्वित्झर्लंडच्या बासेलला राहायला गेला. तिथून जवळच विट्रा कंपनी होती. मालक विली फेलबाउम यांनी धोका पत्करला. तोवर विट्रा दुसऱ्यांच्या डिझाइनचं फर्निचर परवान्यावर बनवायची, ही तिची स्वतःची पहिली मोठी उडी. कित्येक नमुने करून झाल्यावर १९६७ मध्ये काचतंतू घातलेल्या पॉलिस्टरच्या शंभर-दीडशे खुर्च्या तयार झाल्या. मागचे पाय नसलेली, एकाच तुकड्यातली ही पहिली प्लॅस्टिकची खुर्ची. आज त्यातली एखादी हाती लागणं म्हणजे लॉटरीच.

१९६८ पासून ती कडक पॉलियुरेथेन फोममध्ये निघू लागली, हर्मन मिलरच्या नावाने. खुर्ची मजबूत होती, पण साच्यातून काढल्यावर प्रत्येक नगाला लुकण भरा, घासा, रंग द्या. म्हणजे स्वस्ताईचं स्वप्न बाजूलाच राहिलं.

मग १९७१ मध्ये पॉलिस्टायरीन आलं. रंग मालातच मिसळलेला, साच्यातून निघाली की खुर्ची तयार. जोर यावा म्हणून बैठकीखालच्या वळणावर उभ्या पट्ट्या दिल्या. पॅन्टनला हवं होतं ते जवळपास मिळालं.

त्याचे हे दिवस भरात होते. १९६९ मध्ये हॅम्बर्गला श्पीगेल साप्ताहिकाची इमारत त्याने आतून रंगवून सजवली, तिथली नारिंगी कॅन्टीन आता संग्रहालयात जपलेली आहे. १९७० मध्ये बायर कंपनीसाठी त्याने ऱ्हाइन नदीतल्या बोटीवर रंगीबेरंगी गाद्यांची एक गुहाच उभी केली.

आणि इकडे खुर्च्या तडकायला लागल्या.

पॉलिस्टायरीन ऊन खातं, जुनं होतं, ठिसूळ होतं. नेमक्या त्या वळणावर भेगा पडायच्या. तक्रारी वाढत गेल्या आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबलं. ज्या वस्तूवर त्याचं नाव होतं, तीच बदनाम झाली. वरून काळही बदलला होता. तेलसंकटानंतर प्लॅस्टिकची हौस ओसरली आणि भडक रंग जुनाट वाटू लागले.

पॅन्टनने मात्र खुर्ची सोडली नाही. १९८३ मध्ये ती पुन्हा फोममध्ये बनू लागली, १९९० मध्ये विट्राकडे परत आली. जानेवारी १९९५ मध्ये ब्रिटिश व्होगच्या मुखपृष्ठावर केट मॉस याच खुर्चीवर बसलेली दिसली आणि नव्या पिढीने तिला उचलून धरलं.

म्हणून जुनी घेताना आधी खुर्ची उलटी करा. वळणाखाली पट्ट्या दिसल्या तर ती सत्तरच्या दशकातली पॉलिस्टायरीनची. तिथे बोट फिरवून केसाएवढी भेग आहे का ते बघा. असली तर शोभेला ठेवा, पाहुण्याला बसवू नका. पट्ट्या नाहीत, चकचकीत रंग आहे आणि कुठे टवका उडालाय, तर बहुधा फोमची. रोज बसायला हीच बरी. अगदी मॅट आणि आरपार एकाच रंगाची असेल तर ती नवी, पॉलिप्रॉपिलीनची. आपल्या मांडवातल्या खुर्च्याही याच जातीच्या प्लॅस्टिकच्या, अशाच साच्यात दाबून काढलेल्या असतात.

ही पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची बाजारात आली १९९९ मध्ये. रंगवायची गरज नाही, लवकर तडकत नाही, आणि फोमच्या खुर्चीपेक्षा बरीच स्वस्त.

पॅन्टन ५ सप्टेंबर १९९८ ला कोपनहेगनमध्ये गेला. कोल्डिंगच्या ट्रॅपहोल्ट संग्रहालयातल्या त्याच्या मोठ्या प्रदर्शनाची मांडणी त्याने स्वतः केली होती. बारा दिवसांनी, १७ सप्टेंबरला, ते त्याच्याशिवाय उघडलं.