भास्कराचार्य

सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेल्या विज्जडविड या गावी इ. स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार. तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांपैकी लीलावतीची ख्याती अधिक. त्यांच्या विचारांची खोली मात्र बीजगणितात दिसते.

वर्गसमीकरण सोडवण्याची रीत त्यांच्या आधीची, श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी तिचे श्रेय श्रीधरांचे नाव घेऊन दिले. श्रीधरांचा तो ग्रंथ पुढे लुप्त झाला. रीत टिकली ती या उल्लेखामुळे. भास्कराचार्यांना पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटला : अज्ञाताच्या दोन किमती निघाल्या, तर कोणती स्वीकारावी?

यासाठी त्यांनी वानरांच्या कळपाची दोन उदाहरणे घेतली. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग करून येतील तितकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. उत्तरे येतात ४८ आणि १६. कळप ४८ चा मानला, तर अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६. त्यात १२ मिळवून ४८. सोळाचा मानला, तर अष्टमांश २, वर्ग ४. चार व बारा मिळून १६. दिलेल्या माहितीवरून एकच संख्या ठरत नाही. भास्कराचार्यांनीही ती ओढूनताणून ठरवली नाही. दोन्ही उत्तरे मान्य केली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग करायचा. तितकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. उत्तरे ५० आणि ५. पन्नासाबद्दल शंका नाही. परंतु पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन कसे काढणार? उणे दोनचा वर्ग चार येतो, समीकरणही जुळते, पण उणे वानरे कोणी पाहिली आहेत? ऋण राशी लोकांना पटत नाही, म्हणून त्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले. माहितीची जी उणीव समीकरण भरून काढत नाही, ती येथे व्यवहारज्ञानाने भरून निघाली.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होते, तर नातू चांगदेव सिंघणाचे राजज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात आहे. लेख संस्कृतात असला, तरी त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे.